संस्कृती मोजू पाहणारा इंजिनिअर

नेदरलँड्सचे गीर्ट हॉफस्टेड (१९२८–२०२०) मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या जगभरातल्या कर्मचाऱ्यांकडून १ लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. कंपनी एकच, कामंही सारखीच. मग उत्तरांतला फरक देशादेशांतल्या मूल्यांचा असणार, हा त्यांचा तर्क. त्यातून १९८० मध्ये ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ हा ग्रंथ आला आणि चार मोजपट्ट्याही : वरिष्ठ-कनिष्ठांतलं अंतर, व्यक्तिवाद, अनिश्चिततेची धास्ती, पुरुषी मूल्यं. पहिल्या पट्टीवर भारताचे गुण ७७, म्हणजे वरिष्ठांचा अधिकार मुकाट्याने मानण्याकडे कल अधिक.

पण प्रश्न पाश्चात्त्यांनी काढलेले, ही यातली मोठी उणीव. हाँगकाँगमधले मानसशास्त्रज्ञ मायकेल बाँड यांनी ती नेमकी हेरली. त्यांनी चिनी अभ्यासकांनाच त्यांची मूल्यं विचारून नवी प्रश्नावली बेतली आणि पाचवी पट्टी हाती लागली : दूरदृष्टी. माझ्या मते या साऱ्या संशोधनातलं हेच सर्वांत मोलाचं पाऊल.

हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत. समोरच्या माणसाचा स्वभाव त्यांवरून ठरवू नये, असं खुद्द हॉफस्टेडही बजावत.