तंबाखूची न मोजलेली किंमत

१९८१ मध्ये निपाणी भागातील शेतकऱ्यांनी तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून मोठे आंदोलन केले. कोल्हापूरच्या शेजारची ती बाजारपेठ. परंतु तंबाखूची दुसरी एक किंमत कोणत्याच बाजारात ठरत नाही. ती मिसरी लावणारी गृहिणी आणि गालात चिमूट धरणारा कामगार चुकवितो.

तोंडाचा कर्करोग एका दिवसात होत नाही. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पी-५३ हे प्रथिन १९७९ मध्ये ज्ञात झाले. तंबाखूतील घातक द्रव्ये त्याच्या जनुकातच बिघाड करतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची रीत निराळी. त्याचे ई-६ हे प्रथिन पी-५३चा नाश घडविते, तर ई-७ हे दुसऱ्या एका नियंत्रक प्रथिनाला निकामी करते. परिणामी पेशीत पी-१६ हे प्रथिन वाढते. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगात ही वाढ विषाणूची खूण मानली जाते व रोगाचे भवितव्य वर्तविण्यास उपयोगी पडते. गाल व हिरड्यांच्या कर्करोगात मात्र तिच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही; आणि आपल्याकडे तंबाखू व सुपारीमुळे रोग बहुधा तेथेच उद्भवतो.

असे संशोधन अवश्य व्हावे. प्रश्न आहे तो प्राधान्याचा. जेथे पैसा अपुरा, तेथे पहिला रुपया कोठे खर्चावा? याचे उत्तर केरळने दिले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांचा अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्यांची तोंडे प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांपैकी ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांतही न भरणारी जखम, तोंड उघडताना होणारा त्रास या खुणा पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही, विजेरी पुरते. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु बंदीने जुना चट्टा पुसला जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्याही कारणाने आलेल्या तंबाखूसेवकाचे तोंड तपासले गेले पाहिजे. प्रथिनांची भाषा तज्ज्ञांनी वाचावी. गालातला चट्टा मात्र घरच्या माणसालाही दिसू शकतो, आणि तो वेळीच दिसणे यातच रोग्याचे हित आहे.