खुंटीवरून खिशात

आमच्या घरात तिला कुणी विजेरी म्हटलं नाही. तो शब्द पाठ्यपुस्तकातला. घरात ती बॅटरी, आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. इंग्रजीच्या हिशेबाने आम्ही उलटंच बोलत होतो हे पुढे शाळेत कळलं, पण जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आजही बॅटरी म्हणजे बॅटरीच.

१९८० च्या सुमाराला सगळ्या घरात मिळून ती एकच होती. तीन मोठ्या सेलची, चकचकीत पत्र्याची, ओसरीतल्या खुंटीला सुतळीने टांगलेली. मुलांनी हात लावायचा नाही हा नियम, कारण सेल विकत आणावे लागत. माझे वडील, आण्णा, रात्री उसाला पाणी धरायला निघाले की ती खांद्याला अडकवत. त्यांची वापरायची तऱ्हा वेगळी होती. बांधावर उभं राहून एक झोत टाकायचा, पुढची सात-आठ पावलं डोळ्यांत साठवायची, बटण मागे ओढायचं आणि अंधारातच तेवढं अंतर चालायचं. मग पुन्हा झोत.

खूप वर्षांनी वाचनात आलं की इंग्रजीतलं फ्लॅशलाइट हे नाव असंच पडलं. डेव्हिड मिझेल या इंग्रज संशोधकाला १८९९ मध्ये अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचं पेटंट मिळालं. तेव्हाचे सेल आणि दिव्यातली कार्बनची तार इतकी दुबळी होती की दिवा सलग जळत ठेवता येत नसे. क्षणभर चमकवायचा आणि सेलला दम खाऊ द्यायचा. आण्णांनी मिझेलचं नाव ऐकलेलं असायचं काही कारण नाही, पण काटकसरीने दोघांना एकाच ठिकाणी आणून सोडलं होतं.

उजेड पिवळट पडला की सेल उन्हात वाळत घातले जात. त्याने एखादी रात्र निघायची. मग ते रेडिओत जात, कारण दिव्यापेक्षा रेडिओला कमी प्रवाह लागतो. बॅटरीत मेलेले सेल तिथे महिनाभर बातम्या सांगत. पावसाळ्यात कुणी ते बॅटरीतच विसरलं की जस्ताचं कवच आतून खाल्लं जाऊन सेल पाझरायचे आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी चढायची. आमच्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या. पडून किंवा हरवून एकही नाही.

त्या बॅटरीचा उजेड आजच्या मापाने मोजला असता तर वीस ल्युमेनही भरला नसता. तरी तिने काम केलं, कारण शेतातला धोका पायाशी असतो. शेतीपंपाला रात्रीची लाइट असलेल्या आठवड्यात चिखलातून चालताना मण्यार किंवा घोणस दिसायला दोन हात पुढे पडणारा झोत पुरतो. पुढे आमच्याकडच्या उसात बिबटे रुळले, तेव्हा मात्र लांबचं दिसणं गरजेचं झालं. बिबट्याचा रंग उसात विरघळतो, पण डोळे उजेड परत फेकतात आणि आधी तेवढेच दोन ठिपके दिसतात. पायाशी पसरणारा उजेड आणि लांब पोचणारा उजेड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला दुकानदाराने नाही, उसाने शिकवलं.

नोकरीसाठी मुंबईला आलो आणि बॅटरी विसरलो. या शहरात अंधार कुठे असतो, असा एक भ्रम. दरम्यान जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी बनवला, तीन वर्षांत त्यावर पिवळं फॉस्फर चढवून पांढराही आला. पुढे निळ्या एलईडीसाठी २०१४ मध्ये त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत नोबेल मिळालं. आमच्यापर्यंत हे सगळं पोचलं ते किल्लीला लटकणाऱ्या, लोकलमध्ये विकायला येणाऱ्या निळसर खेळण्यांच्या रूपाने. आणि २००३ मध्ये नोकियाचा ११०० आला. त्याच्या डोक्यावर छोटा दिवा होता. खिशातली बॅटरी ही कल्पना इथे खऱ्या अर्थाने रुजवली ती या फोनने, बॅटरीवाल्यांनी नव्हे.

२६ जुलै २००५ ला तो फोन माझ्या खिशात होता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुर्ल्याहून चालत निघालो, संध्याकाळपर्यंत दिवे गेले, पाणी कमरेला लागलं. फोनचा दिवा लावला तर गढूळ पाण्यावरून उजेड परत माझ्याच तोंडावर. उघडं गटार त्याने दिसणं शक्य नव्हतं. तिथे कामाला आला पुढच्या माणसाच्या हातातला बांबू. तासाभरात फोनमध्ये पाणी शिरलं आणि दिव्याबरोबर घरी कळवायची सोयही गेली. आमच्या रांगेत एका बाईंकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पेन्सिल सेलची साधी बॅटरी होती. त्या ती डोक्यावर धरून चालत होत्या, रस्ता बघायला नव्हे, मागच्यांना आपण दिसावं म्हणून. आम्ही पंधरा-वीस जण त्या ठिपक्याच्या मागे शीवपर्यंत आलो.

दुसऱ्याच आठवड्यात बॅटरी घेतली, आणि तिथून माझी चुकांची मालिका सुरू झाली. गावी तेव्हा दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन. मागून पिन बाहेर ओढून भिंतीत खोचायच्या चार्जिंगच्या बॅटऱ्या घरोघर आल्या होत्या. मीही आणल्या. आतला शिशाचा सेल रिकामा पडून राहिला की मरतो, आणि त्या दिवसांत तो भरायलाच वीज नसायची. त्यानंतर ल्युमेनचं वेड लागलं. हजार, दोन हजार, पुठ्ठ्यावर पन्नास हजारसुद्धा. ९९०० मिलिअँपिअर-अवर लिहिलेले गोल लिथियम सेल घेतले. त्या आकारात साडेतीन हजारांच्या आसपास मावतं हे नंतर कळलं. शिवाय झोताचं अंतर दुप्पट करायला उजेड चौपट लागतो, म्हणजे खोक्यावरचा आकडा फुगतो त्या मानाने नजर काही लांब जात नाही. आणि या सगळ्या बॅटऱ्या इतक्या जाडजूड की त्या घरीच राहायच्या.

एक तक्रार मात्र एलईडीबद्दल आहेच. जुनी बॅटरी मरताना सांगून मरायची: आधी पिवळी, मग तांबूस, मग विस्तवासारखी तार. आण्णांना घरी पोचायला तेवढा वेळ मिळे. नवी, आतल्या सर्किटमुळे, शेवटपर्यंत पांढरीशुभ्र राहते आणि हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर एकदम विझते. ते एकदा झालं. तेव्हापासून संपत आल्याची सूचना न देणारी बॅटरी मी घेत नाही.

मुलगी शिकायला पुण्यात राहू लागली तेव्हा तिच्यासाठी पुन्हा शोध. स्वसंरक्षणाच्या नावाखाली दुकानात डोळे दिपवणारे लुकलुकते झोत दाखवतात, काचेभोवती दातेरी कडाही असते. घराच्या जिन्यात ते लुकलुकणं आम्ही लावून पाहिलं. पांढऱ्या भिंतींवरून ते आमच्याच डोळ्यांत परतलं आणि तिची पायरी चुकली. “बाबा, मला कुणाला मारायचं नाहीये, कुलपाचं भोक दिसायला हवंय,” ती म्हणाली. सरळ, स्थिर झोतही समोरच्याला क्षणभर तोंड फिरवायला लावतो. त्या क्षणात पळायचं. त्याहून जास्त भरवसा मी विकणाऱ्यांवर ठेवणार नाही.

शेवटी घेतली ती बोटाएवढी, एका पेन्सिल सेलवर चालणारी. तो सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. बटण शेपटीला, म्हणजे मुठीत धरली की अंगठा आपोआप त्यावर. पहिल्या दाबात मंद उजेड, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि भसकन उजेड पडला की ती कमाई बुडते. शेपटी अर्धा फेरा सैल केली की पिशवीत चुकून पेटत नाही. मोबाइलचा दिवा आहेच, पण जिना उतरताना फोन हातातून सुटला तर काय काय सुटतं, ते २००५ ला पाहिलं आहे.

तशीच एक दिवाळीत आण्णांना नेली. आता ऐंशी पार आहेत. क्लिप सदऱ्याच्या खिशाला कशी लावायची ते दाखवलं, दोनदा दाबून झोत मोठा करून दाखवला. त्यांनी हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, “वजनच न्हाई की.”

सकाळी उठून ओसरीत आलो तर तिच्या कडीत सुतळी ओवलेली, आणि ती जुन्या खुंटीला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “रात्री उठतो तवा अंगात गंजीफ्रॉक असतंय. त्याला खिसा असतो का?”