मीठ, सुकी मासळी आणि बासनातले हिशेब

पुणे-सातारा महामार्गावरून जाणाऱ्यांना शिरवळ ठाऊक असते ते तेथील कारखान्यांमुळे. मात्र नीरेकाठच्या या गावाजवळून पश्चिमेला एक जुनी वाट फुटते. भोरमार्गे वरंधा घाट उतरला, की महाड लागते. कोकणात पिकणारे मीठ आणि सुकी मासळी देशावर येत असे ती अशाच घाटवाटांनी, बैलांच्या पाठीवरून.

या व्यापाराचा माग लागतो तो हिशेबाच्या कागदांतून. मराठेशाहीत मालावर जकात घेतली जाई. माल भरला त्या ठिकाणची 'थळभरीत', तर विकला त्या ठिकाणची 'थळमोड'. त्यामुळे जकातीच्या नोंदी केवळ वसुली सांगत नाहीत. मालाची वाटचालही सांगतात.

अशा कागदाचे मोल किती, हे १६७१ मधील एका पत्रावरून कळते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले, तेव्हा शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला त्यावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. संगमेश्वराकडील मीठ बाजारात टिकावे, हा हेतू. स्वदेशी मालाच्या संरक्षणाचे धोरण एका मिठाच्या कागदातून उलगडते.

अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये खारवलेल्या कॉड माशाच्या व्यापाऱ्यांची खातेपुस्तके विद्यापीठाने जतन केली आहेत. कोणत्या कोळ्याला किती उधार दिले आणि त्याने ते किती मासळीने फेडले, हे त्यांतून कळते. राजांच्या बखरीत न सापडणारा सामान्यांचा इतिहास तो हाच.

आपल्याकडे सरकारी कागद बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले; पण त्यांचा भर प्रामुख्याने राजकारणावर होता. खरा धोका आहे तो खासगी पेढ्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्यांना. मोडी वाचणारे घरात उरले नाहीत, की वाडा पाडताना ही बासने रद्दीत जातात.

घरात असे कागद असतील, तर ते ओळखीच्या मोडी जाणकाराला दाखवावेत किंवा पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे विचारणा करावी. मिठाच्या एका गोणीची नोंद क्षुल्लक दिसते. पण ती गेली, की ती वाहून आणणाऱ्याचा उल्लेखही पुसला जातो.