लायब्ररी आहे, पण लिंकरला सापडत नाही

सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम घेऊ. घरखर्चाच्या नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवणारा. उबुंटूवर तो बांधायला घेतला की नवशिक्याला हमखास अडवणारी ओळ येते: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूलाइट३_ओपन’. मग तो आपलाच कोड पुन्हा पुन्हा वाचत बसतो, आणि कोडमध्ये तर काहीच चुकलेलं नसतं. आधी पाहायचं ते एवढंच, की तक्रार करतंय कोण.

‘जीसीसी’ ही आज्ञा एकच दिसली तरी आत कामं दोन होतात. कंपायलर हेडर फाइल वाचतो. हेडर म्हणजे ग्रंथालयातलं सूचीपत्र: फंक्शनचं नाव काय, त्याला काय द्यायचं, परत काय मिळणार. पुस्तक कपाटात आहे का, हे कंपायलर बघतच नाही. तो जागा मोकळी सोडून पुढे जातो. ती जागा कुठल्या लायब्ररीतून भरायची हे लिंकर ठरवतो, आणि वरची ओळ त्याची आहे. म्हणजे सूचीपत्र मिळालं, कपाट कुठलं ते सांगायचं राहिलं. आज्ञेत ‘-एलएसक्यूलाइट३’ जोडा.

पण कुठे जोडता, यावर बरंच अवलंबून आहे, आणि भलेभले इथेच अडकतात. लिंकर आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो. लायब्ररी आधी लिहिली, तर तिथे पोचेपर्यंत कोणी काही मागितलेलंच नसतं, म्हणून तो तिला बाजूला ठेवतो. उबुंटूत २०११ च्या ११.१० आवृत्तीपासून शेअर्ड लायब्ररींनाही हाच नियम आहे. म्हणून आधी आपली फाइल, मग लायब्ररी.

आता तक्रार बदलून ‘कॅनॉट फाइंड -एलएसक्यूलाइट३’ अशी आली तर? लायब्ररी तर मशीनवर असते! पण लिंकर शोधतो ‘लिबएसक्यूलाइट३.एसओ’, आणि नेहमीच्या पॅकेजमधून आलेल्या फाइलच्या नावाला शेवटी ‘.०’ असतो. बिनआकडी नाव आणि हेडर, दोन्ही ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजात येतात. ते बसवलं की काम होतं. हेडरच सापडत नसेल, तरी उपाय हाच.

प्रोग्राम बांधला गेला, पण चालवताना ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आलं, तर बोलणारा तिसराच असतो, लोडर. ‘एलडीडी’ला प्रोग्रामचं नाव द्या, कुठल्या लायब्ररीपुढे ‘नॉट फाउंड’ आहे ते दिसेल. लायब्ररी स्वतः बांधून ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये ठेवली असेल, तर लोडरच्या जुन्या यादीत ती अजून चढलेली नसते. ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवा, आणि मग पुन्हा ‘एलडीडी’. ‘नॉट फाउंड’च्या जागी फाइलचा पूर्ण पत्ता आलेला असेल.