परभाषा आणि राज्यकारभार

पारसनीस हें आडनांव आपणां श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचें असेल. परंतु तें मुळांत एका सरकारी हुद्द्याचें नांव होतें, हें सहसा लक्षांत येत नाहीं. मराठ्यांच्या दरबारीं फारशी पत्रव्यवहार पाहणारा अधिकारी तो पारसनीस. परदरबाराशीं व्यवहार करावयाचा, तर त्याची भाषा जाणणारा मनुष्य आपल्या पदरीं हवा, हें आपल्या पूर्वजांनीं पुरतें ओळखलें होतें.

ती गरज आजही सरलेली नाहीं. भारतीय परराष्ट्र सेवेंत प्रवेश मिळविण्यासाठीं संघ लोकसेवा आयोगाची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यासाठीं फ्रेंच, रशियन किंवा चिनी आलीच पाहिजे, अशी अट नाहीं. पण निवड झाल्यावर प्रत्येक उमेदवाराला एक परकीय भाषा नेमून देण्यांत येते, आणि तिची परीक्षा उतरल्यावांचून तो सेवेंत कायम होत नाहीं.

इंग्रजी सर्वत्र चालते, दुभाषीही मिळतो. मग हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्यानें १९५४ सालचा एक करार पाहावा. त्या वर्षीं २९ एप्रिल रोजीं तिबेटाशीं चालणारा व्यापार व दळणवळण यांसंबंधीं भारत आणि चीन यांनीं पेकिंग, म्हणजे आजचें बीजिंग, येथें करार केला. पंचशीलाचीं तत्त्वें त्याच्याच प्रस्तावनेंत आहेत. हा करार हिंदी, चिनी व इंग्रजी या तीन भाषांत लिहिला गेला, आणि तीनही पाठ सारखेच प्रमाण मानण्यांत आले. म्हणजे चिनी पाठांत एखाद्या शब्दाची छटा निराळी पडली, तर तोही पाठ भारताला तितकाच बंधनकारक! अशा प्रसंगीं दुसऱ्या पक्षाच्या दुभाष्यावर विसंबून भागत नाहीं.

त्याच वर्षीं पंडित नेहरू चीनला गेले, तेव्हां माओ त्से-तुंग यांच्याशीं झालेल्या भेटींत दुभाष्याचें काम वसंत परांजपे या मराठी गृहस्थांनीं केलें. ते चीनमध्यें राहून चिनी शिकले होते. पुढें ते दक्षिण कोरिया व इथिओपिया येथें भारताचे राजदूत झाले.

केवळ परभाषेच्या बळावर सरकारी पद मिळतें, असें मात्र कोणीं समजूं नये. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा यांचा अभ्यास चुकत नाहीं. तरीपण ज्यांना ही सेवा पत्करावयाची आहे, त्यांनीं विद्यार्थिदशेंतच एक परभाषा हातीं धरावी, आणि तींतील वर्तमानपत्र सहज वाचतां येईपर्यंत ती सोडूं नये. करारावर सही करण्याची वेळ येते, तेव्हां शब्दकोश चाळीत बसण्यास सवड नसते.