लाल दिवा आणि तक्रार क्रमांक



जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नर्मदेचा धुवाँधार प्रपात डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु या नगरीची आणखी एक ओळख आहे आणि ती बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. तार आणि टेलिफोन खात्यातील अभियंत्यांना शिकविण्यासाठी १९४२ साली येथे एक प्रशिक्षण केंद्र निघाले. पुढे त्याला भारतरत्न डॉ. भीमराव आंबेडकरांचे नाव देण्यात आले. सैन्यातील सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्रही येथेच आहे. संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा पोहोचवावा, ही विद्या देशातील हजारो माणसे या गावात शिकून गेली. अशा गावात माझ्या घरचे इंटरनेट सलग नऊ दिवस बंद पडले आणि ते बंद पडले आहे एवढी साधी वार्ता योग्य माणसापर्यंत पोहोचविणे मला जमले नाही. ती कंपनी कोणती, हे सांगण्यात अर्थ नाही. ज्या श्रोत्यांची कंपनी वेगळी असेल, त्यांनाही पुढची हकिगत परकी वाटणार नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. एका सकाळी भिंतीवरच्या पेटीतील हिरवा दिवा विझला आणि त्याच्या शेजारी लाल दिवा लागला. मी ग्राहकसेवा केंद्राला दूरध्वनी केला. अमुक भाषेसाठी एक दाबा, तमुक कामासाठी दोन दाबा, असे करीत पलीकडे एक तरुण आवाज आला. अत्यंत विनयशील. त्याने मला यंत्र बंद करून पुन्हा चालू करावयास सांगितले. मी म्हटले, ते तीनदा करून झाले, लाल दिवा जात नाही. त्याने पुन्हा एकदा तेच करावयास सांगितले, तक्रार क्रमांक दिला आणि आणखी काही सेवा करू का, असे विचारले. दुसऱ्या दिवशी संदेश आला, ‘आपकी समस्या का समाधान हो गया है.’ लाल दिवा तसाच होता. नऊ दिवसांत मी सात तक्रारी केल्या. त्यांपैकी पाच ‘सुटल्या’.

या लाल दिव्याचा अर्थ काय, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्या घरी जी काचेची तार येते, ती केसाइतकी बारीक असते आणि तिच्यातून विजेऐवजी प्रकाश वाहतो. केंद्रातून निघालेली एक तार वाटेत एका छोट्या पेटीत बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते. प्रत्येक वाटणीला प्रकाश निम्म्याने घटतो, म्हणून घरी पोहोचणारा प्रकाश मुळातच मंद असतो. त्यातच तार कोठे फार वाकली, किंवा जोडणीत धूळ वा पाणी शिरले, की उरलासुरला प्रकाशही निसटतो आणि यंत्राला काहीच दिसेनासे होते. लाल दिवा नेमके हेच सांगत असतो, की बाहेरून प्रकाश येत नाही. आता बाहेरून प्रकाशच येत नसेल, तर घरातले यंत्र शंभर वेळा बंद-चालू करून काय होणार? नळाला पाणी येत नसता चावी फिरवीत बसण्यासारखाच हा प्रकार.

तथापि त्या तरुणावर राग काढणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्यापुढे प्रश्नांची एक यादी असते आणि तिचा क्रम मोडण्याची त्याला मुभा नसते. ती यादीही निर्बुद्ध नव्हे. यंत्र गोंधळले, एवढ्याच कारणाने बंद पडलेल्या जोडण्या खरोखरच बंद-चालू केल्याने सुरू होतात. अडचण अशी, की यादीतला उपाय फसल्यावर त्या माणसाच्या हाती दुसरा उपायच नाही. तो बसतो कोठल्या तरी दूरच्या शहरात. जबलपुरातल्या राइट टाउनच्या कोपऱ्यावर खांब आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. खांबावर चढणारा कारागीर बहुधा कंत्राटदाराचा माणूस. दोघांची कधी गाठ पडत नाही. त्यांच्यामध्ये असतो तो केवळ तक्रार क्रमांक.

आणि त्या क्रमांकाचेच गणित चुकलेले आहे. २००६ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ब्रॉडबँडसाठी सेवेच्या गुणवत्तेचे विनियम केले. साहाय्यासाठी केलेले साठ टक्क्यांहून अधिक दूरध्वनी साठ सेकंदांत आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक नव्वद सेकंदांत उचलले जावेत. नव्वद टक्क्यांहून अधिक बिघाड दुसऱ्या कामाच्या दिवशी दुरुस्त व्हावेत, अशी मापे त्यांत होती. हेतू उत्तम होता. पण दूरध्वनी किती सेकंदांत उचलला, हे मोजता येते. उचलणाऱ्याने काय उपयोग केला, हे सेकंदांत मोजता येत नाही. तक्रार वेळेत ‘बंद’ झाली की तक्ता भरतो. मग दिवा हिरवा होण्यापूर्वीच तक्रार बंद करण्याचा मोह ज्याला होत नाही, तो साधुपुरुषच म्हणावयाचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्यांच्या जागी नवे एकत्रित विनियम लागू झाले आहेत. मापे बदलली, तरी तक्ता भरणारा हात कंपनीचाच असतो.

माझे स्वतःचे यात फार अडले, असे म्हणवत नाही. निवृत्त माणसाला वर्तमानपत्र पुरते. खरी ओढाताण झाली ती शेजारच्या काकूंच्या घरी. त्यांचा मुलगा पुण्यातील एका कंपनीत आहे. काकूंची प्रकृती बिघडली तेव्हा घरून काम करण्याची परवानगी काढून तो इकडे आला. त्याची हजेरी लागते ती संगणकाच्या जोडणीवरून. पहिले तीन दिवस त्याने रजा टाकली. मग मोबाईलवर काम रेटून पाहिले, ते पुरेना. पुढे रोज सकाळी आईला औषध देऊन तो गढ्याला एका नातेवाइकाकडे जाऊन बसू लागला. ज्या आईपाशी राहण्यासाठी तो आला, ती दिवसभर एकटीच. सातव्या दिवशी कंपनीने विचारले, हे असेच चालणार असेल तर आपण पुण्यास केव्हा येता? त्या रात्री त्याने बॅग भरावयास घेतली.

आठव्या दिवशी गच्चीवर त्याची नि माझी गाठ पडली आणि बोलता बोलता कळले, की त्याचाही लाल दिवा माझ्याच दिवशी, माझ्याच वेळी लागला होता. त्यानेही पाच तक्रारी केल्या होत्या. पलीकडच्या दोन घरांत चौकशी केली, तेथेही तेच! चार घरे एकाच क्षणी अंधारली असतील, तर दोष चार यंत्रांत नसून चौघांना तार वाटणाऱ्या पेटीत असला पाहिजे, हे कोणा शाळकरी मुलालाही उमगेल. पण आमच्या तक्रारी चार वेगवेगळ्या क्रमांकांनी, चार वेगवेगळ्या माणसांनी लिहून घेतल्या होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते.

मग आम्ही रीतसर मार्ग धरला. ट्रायच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्राच्या वर एक अपील अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीचे निवारण झाले नाही, तर त्याच्याकडे अपील करता येते, त्यास शुल्क नाही आणि एकोणचाळीस दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि त्यांचे अर्ज फुकट जातात. ग्राहक आयोगाचे दारही काही वर्षे बंदच होते. १८८५ च्या तार अधिनियमात लवादाची तरतूद असल्यामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचाने ऐकू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता. १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने तो अडसर दूर झाला. लवादाची सोय आहे म्हणून ग्राहकाचा हक्क बुडत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

आम्ही चौघांनी एकच अर्ज लिहिला. त्यात रागाचा एकही शब्द घातला नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पहिल्या मसुद्यात ते पुष्कळ होते. चारही घरांचे तक्रार क्रमांक, तारखा, दिवा लाल झाल्याची वेळ, ‘समाधान’ झाल्याचे संदेश आणि त्याच दिवशी काढलेले लाल दिव्याचे छायाचित्र, एवढेच जोडले. खाली एक वाक्य लिहिले, की चारही घरांची वाटणीची पेटी एकच आहे, ती उघडून पाहावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिडी घेऊन एक पोरगेलासा कारागीर आला. त्याने खांबावरची पेटी उघडली, तेव्हा झाकणाची फट राहिल्याने आत पाणी साचलेले आणि मुख्य तार झाकणाखाली दुमडून दाबलेली दिसली. त्याने ती कापली, नव्याने जोडली, खिशातल्या छोट्या यंत्राने प्रकाश मोजला आणि खाली उतरला. सारे काम पंचवीस मिनिटांचे. मी विचारले, इतके दिवस का लागले? तो म्हणाला, त्याच्याकडे या पेटीचे काम आजच आले. आधीच्या तक्रारी त्याला कधी दिसल्याच नव्हत्या. मी त्याला चहा दिला.

संध्याकाळी काकूंच्या घरून कोणाशी तरी इंग्रजीत बोलल्याचा आवाज येत होता. मी डोकावलो. मुलगा संगणकापुढे बसला होता, काकू पलंगावर बसून शेंगा सोलीत होत्या आणि भरलेली बॅग अजून दाराशीच होती. मला पाहताच काकू म्हणाल्या, “भाऊजी, तेवढी माळ्यावर टाकता का? तो कामात आहे.”