विश्लेषण : नेवाशावरचे संशोधन नेवाशात बसून कसे शोधणार?

प्रवरेकाठच्या नेवाशावर गेली सत्तर वर्षे संशोधन होत आहे. मात्र त्याच्या नोंदी वेगवेगळ्या संस्थांच्या माहिती व्यवस्थांमध्ये विखुरलेल्या आहेत. त्यातच गावाच्या नावाची स्पेलिंग अनेक आहेत आणि २०२४ मध्ये जिल्ह्याचे नावही अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अशा वेळी तालुक्यातील विद्यार्थ्याला, शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला आपल्याच भागावरचे संशोधन कसे मिळणार? या व्यवस्था नेमक्या कशा चालतात, याचा हा आढावा.

नेवाशाची मोठी नोंद कुठे आहे?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात नेवाशात उत्खनन झाले. नदीच्या थरांमधील अश्मयुगीन हत्यारे, ताम्रपाषाणयुगातील वस्ती, सातवाहन काळातील अवशेष आणि त्यानंतरचे थर असा मोठा कालपट त्यातून उलगडला. सांकलिया, शां. भा. देव, झैनुद्दीन अन्सारी आणि सोफी एऱ्हार्ट यांचा सविस्तर अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या वार्षिकातही या कामाचा गोषवारा आला.

म्हणजे एकाच उत्खननाची माहिती सुरुवातीपासूनच किमान दोन ठिकाणी नोंदली गेली. पुढे ती आणखी विखुरली.

एका धाग्याच्या नोंदी किती?

नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थरात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांमध्ये धाग्याचे अवशेष टिकून होते. ए. एन. गुलाटी यांनी तपासणी केली तेव्हा त्यात रेशीम असल्याचे दिसले. हा धागा तीन हजार वर्षांहून जुना आहे. २००९ मध्ये हडप्पा संस्कृतीतील रेशमाचा पुरावा प्रसिद्ध होईपर्यंत भारतातील सर्वांत जुन्या रेशमाची चर्चा नेवाशाच्या या धाग्यापाशी येऊन थांबत असे.

मात्र गुलाटी यांचे टिपण १९६१ मध्ये डेक्कन कॉलेजने काढलेल्या तांत्रिक अहवालांच्या वेगळ्या पुस्तकात आहे. त्याचा विषय भारतातील रेशमाचा प्राचीन इतिहास असा आहे आणि शीर्षकात नेवाशाचे नाव नाही. केवळ शीर्षकात ‘नेवासा’ शोधणाऱ्याला उत्खननाचा अहवाल मिळेल, पण त्या अहवालाइतकेच महत्त्वाचे हे टिपण मिळणार नाही. वस्तू, अहवाल, प्रयोगशाळेतील तपासणी आणि नंतरचे लेख यांना जोडणारी नोंद कोणीतरी करावी लागते.

संशोधन माहिती व्यवस्था म्हणजे काय?

नेमके हेच काम संशोधन माहिती व्यवस्था करते. विद्यापीठात किंवा संस्थेत कोणी, कोणत्या विषयावर, कोणाच्या निधीतून संशोधन केले, त्यातून कोणते लेख, प्रबंध, पेटंट किंवा आकडेवारी तयार झाली, हे सगळे तिथे एकमेकांशी जोडून ठेवले जाते.

तिच्या जोडीला असते ती संस्थात्मक भांडार किंवा रिपॉझिटरी. माहिती व्यवस्थेत नोंद असते, तर भांडारात प्रत्यक्ष प्रबंधाची फाइल असते. दोन्हींचा आधार म्हणजे मेटाडेटा, अर्थात माहितीविषयीची माहिती : शीर्षक, लेखक, वर्ष, विषय, स्थळ, भाषा. शोधयंत्र सर्वांत आधी हाच मेटाडेटा वाचते.

भारतात कोणत्या सुविधा आहेत?

यातील बराचसा भार गांधीनगरचे ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र उचलते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अखत्यारीतील या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील लाखो पीएच.डी. प्रबंध आहेत. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. २०१६ आणि २०२२ च्या नियमांमध्येही ही तरतूद कायम राहिली. ‘विद्वान’ या डेटाबेसमध्ये तज्ज्ञांची माहिती मिळते, तर ‘आयरिन्स’ ही प्रणाली संस्थेतील प्राध्यापकांच्या संशोधनाची एकत्र प्रोफाइल तयार करते.

कृषी विद्यापीठांसाठी ‘कृषिकोश’ हे वेगळे भांडार आहे. नेवाशाच्या दृष्टीने ते अधिक जवळचे, कारण शेजारच्याच राहुरीत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रबंध त्यात आहेत. ऊस, कांदा, पाणी व्यवस्थापन, जमिनीची क्षारता हे मुळा कालव्यावरील शेतकऱ्यांच्या रोजच्या अडचणींचे विषय आहेत आणि ‘कृषिकोश’मध्ये ते शोधता येतात.

नाव बदलले की काय बिघडते?

नेवासा हे नाव रोमन लिपीत कुणी ‘व्ही’ने लिहितो, कुणी ‘डब्ल्यू’ने. शेवटी ‘ए’ लिहायचा की ‘ई’, यातही फरक असतो, कारण मराठीतच नेवासा आणि नेवासे अशी दोन्ही रूपे आहेत. अहमदनगरचेही तसेच. रोमन लिपीत प्रचलित स्पेलिंग एक, २०११ च्या जनगणनेतील स्पेलिंग दुसरे आणि आता नाव अहिल्यानगर.

विद्यापीठाचीही तीच गत. नेवासा तालुका ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, ते आधी पूना, मग पुणे आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. माणसाला हे तिन्ही एकच आहेत हे कळते. संगणकाला कोणी सांगितले नसेल, तर त्याच्या लेखी ती तीन वेगळी नावे असतात.

मराठी प्रबंधांची अडचण आणखी वेगळी आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर नीट वाचता येतो, पण शोधयंत्राला त्याजागी भलतीच अक्षरे दिसतात. पानांचे नुसते स्कॅन चढवले असेल तर शोधयंत्राच्या दृष्टीने ते फक्त चित्र असते. अशा प्रबंधात ‘नेवासा’ शंभर वेळा आले असले तरी शोधाचा निकाल शून्य येऊ शकतो.

यावर उपाय कोणता?

सातबाऱ्यावर फेरफार होऊन खातेदाराचे नाव बदलते, पण जमीन गट क्रमांकावरून ओळखता येते. संशोधनातही हेच तत्त्व वापरले जाते. लेखाला ‘डीओआय’, संशोधकाला ‘ऑर्किड’ हा १६ अंकी क्रमांक आणि संस्थेला ‘रोर’ हा ओळख क्रमांक मिळतो. ऑर्किड २०१२ मध्ये, तर रोर २०१९ मध्ये सुरू झाले. लग्नानंतर आडनाव बदलले, आद्याक्षरे वेगळी लिहिली किंवा विद्यापीठाचे नामांतर झाले तरी काम एकाच खात्यावर राहते. गावांसाठीही केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्हा, तालुका आणि गावाला कोड आहे. प्रबंधाच्या नोंदीत तो कोड लिहिला, तर स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही.

मात्र कोड आपोआप भरले जात नाहीत. जुन्या नोंदी तपासणे, दोन पाठ जुळवणे, चुका दुरुस्त करणे हे माणसांचे काम आहे आणि नेवाशाला त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. परंपरेनुसार १२९० मध्ये येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत पुढे पाठभेद शिरले. संत एकनाथांनी प्रती तपासून १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. आज हेच काम विद्यापीठाच्या ग्रंथपालाकडे येते. त्यासाठी मनुष्यबळ नसेल तर महागडी प्रणालीही अर्धवट नोंदींचे गोदाम ठरते.

महाविद्यालयांना याचा काय फायदा?

‘नॅक’चे मूल्यांकन, ‘एनआयआरएफ’ क्रमवारी आणि ‘आयशे’ सर्वेक्षण या तिन्हींसाठी महाविद्यालयांना माहिती द्यावी लागते. ती बऱ्याचदा पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या एक्सेल फायलींत भरली जाते. संशोधनाची नोंद एकदाच नीट झाली, तर तीच अनेक ठिकाणी वापरता येते. ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकाचे काम नजरेस येते आणि त्याच विषयावर काम करणाऱ्या दुसऱ्या संशोधकाला त्याच्यापर्यंत पोहोचता येते.

सगळेच खुले करायचे का?

नाही. शेती किंवा आरोग्यावरच्या सर्वेक्षणात लोकांची नावे, मोबाइल क्रमांक, उत्पन्न, आजार अशी खासगी माहिती असते. ती काढून किंवा झाकूनच आकडेवारी द्यावी लागते. म्हणूनच २०१६ मध्ये मांडलेल्या ‘फेअर’ तत्त्वांमध्ये माहिती सापडणारी, मिळवता येणारी, इतर प्रणालींशी जुळणारी आणि पुन्हा वापरता येणारी असावी, एवढाच आग्रह आहे. मूळ आकडेवारी खुली नसली तरी ती अस्तित्वात आहे आणि कोणाकडे मागायची, ही नोंद खुली असू शकते.

शुल्क घेणाऱ्या नियतकालिकांचा प्रश्न वेगळा आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे १३,००० नियतकालिके त्यात आहेत. मात्र ती शासकीय व्यवस्थापनाखालील शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे, शेतकऱ्याला किंवा सामान्य वाचकाला थेट लागू नाही. त्यांच्यासाठी शोधगंगा, कृषिकोशसारखी खुली भांडारेच महत्त्वाची ठरतात.

शोध घेताना काय करावे?

एकाच शब्दावर थांबू नये. नेवासा आणि नेवासे, रोमन लिपीतील सर्व स्पेलिंग, जिल्ह्याचे जुने आणि नवे नाव, विद्यापीठाची जुनी नावे असे वेगवेगळे शोध घ्यावेत. गावाऐवजी प्रवरा, मुळा, प्रवरासंगम किंवा पिकाचे नाव दिल्यासही प्रबंध हाती लागू शकतो. एखादा उपयोगी प्रबंध सापडला की त्याची संदर्भसूची पाहावी. शीर्षकात गावाचे नाव नसलेली कामे बहुधा तिथेच मिळतात.

आणि जे आज प्रबंध लिहीत आहेत, त्यांनी सारांशात व मुख्य शब्दांत गाव, तालुका, जिल्ह्याची दोन्ही नावे मराठी आणि इंग्रजीत लिहावीत, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा आणि आपला ऑर्किड क्रमांक द्यावा. अर्ज भरताना यासाठी दहा मिनिटे जास्त लागतील. ती दिली नाहीत, तर ज्या गावात जाऊन माहिती गोळा केली त्याच गावाला ते काम शोधूनही सापडणार नाही.